म्हाद्याचं 'बे'

महादेव गेल्याचं मला पवनीच्या स्टँडवर कळलं. गाडीत चढता चढता आसगावची एक बाई बोलून गेली, "कंडक्टर भाऊ, तुमचा म्हाद्या गेला जी सकारी." मी तिला तिकीट दिलं, घंटी वाजवली, गाडी निघाली. पुढचं काही आठवत नाही. महिना होत आला त्याला, पण मन कशात म्हणून लागत नाही.

आम्ही दोघं आसगावचे. तो शेतकऱ्याचा पोरगा, मी बौद्ध वस्तीतला. पुण्याकडच्या माणसाला 'बे' म्हटलं की त्याच्या अंगाचा तिळपापड होतो. आमच्या झाडीपट्टीत मात्र ज्याला कोणीच 'बे' म्हणत नाही, त्याची कीव करावी. बदलीवर आलेल्या एका साहेबाला म्हाद्यानं लाडात "कुठं चाल्ला बे?" विचारलं, तर साहेब कितीतरी दिवस फुगून होता! मला तर तो रस्त्यापलीकडून ओरडायचा, "अबे सुख्या, जेवला का बे?" नसलो जेवलो तर ओढत घरी न्यायचा. त्याच्या आईनं माझं पान दूर मांडलं की हा आपलं ताट उचलून माझ्याजवळ येऊन बसायचा. असा माणूस होता तो...

सत्तर सालच्या आसपास त्याच्या पोरीचं लग्न निघालं. वरात बपेऱ्याहून आलेली. मांडवात म्हाद्या नव्या धोतरात व्याह्याशेजारी बसलेला. गावातल्या एका शेतकऱ्यानं "अबे म्हाद्या, आज त लय चमकून राहिला!" म्हटलं, तर सगळे खदखदून हसले, व्याहीही हसला. मग मी पुढं झालो. "काय बे म्हाद्या, नवरदेव तूच हायेस का?"

कोणी हसलं नाही. व्याह्यानं शेजारच्याला हळूच काहीतरी विचारलं, त्यानं आमच्या वस्तीकडं मान हलवली. मग व्याही म्हाद्याकडं वळला. "हा तुमाले बे कायले म्हनते?"

म्हाद्यानं खाली पाहिलं. पोरीच्या अंगाची हळद अजून उतरली नव्हती, सगळा मांडव त्याच्या तोंडाकडं पाहत होता. "आदत हाय त्याची," तो पुटपुटला. मग माझ्याकडं पाहून म्हणाला, "तुमी पंगतीत बसा, भाऊ."

तुमी! मला? त्या दिवशी मी जेवलो नाही.

त्यानंतर तो माझ्याच गाडीनं पवनीला जायचा. "एक पवनी द्या, सुखदेवराव." लोक म्हणायचे, किती मान देतो हा माणूस. मान काय चाटायचा आहे? एकदा मी त्याला धरलंच. "अबे, मले तुमी कायले म्हनते?"

"पोरगी तिकडं नांदते जी. कोनी आयकलं त तिले बोल लागते."

"या गाडीत बपेऱ्याचं कोन हाय?"

त्यानं तिकीट दुमडून खिशात घातलं. "आता जिभेले वळन पडलं," म्हणाला. मला त्याचा राग आला, आणि राग तरी कोणावर धरू? बैलांशी मात्र तो शेवटपर्यंत 'बे'नंच बोलायचा. रस्त्यानं जाताना ते कानावर पडलं की मला बैलांचा हेवा वाटायचा. हसायचं असेल तर हसा.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात शेवटचं भेटलो. नुसती हाडं उरली होती. मी खाटेवर वाकलो. "म्हाद्या, एकडाव त बे म्हन ना बे." त्याचे ओठ हलले. मी कान लावला. "बसा ना..." तो म्हणाला, "उभे काहून?"

परवा त्याच्या घरी गेलो. अंगणात कोणी दिसेना म्हणून परत फिरणार, तोच मागून हाक आली, अगदी त्याच्याच आवाजात. "अबे, कुठं चाल्ला बे?" वळून पाहिलं तर म्हाद्याचा पोरगा दावं सोडवून निघालेल्या बैलाला अडवत होता.

मला पाहून तो वरमला. "तुमी व्हय काका? बसा जी."

मी बसलो.