परंदवडीचा नास्तिक

परंदवडीच्या सीतारामला कंपनीत सगळे नास्तिक म्हणत. खंडेनवमीला अख्ख्या वर्कशॉपमधली मशीनं झेंडूच्या हारांनी मढलेली असत; सीतारामचं लेथ तेवढं उघडं. आदल्या दिवशी तो ते घासूनपुसून लखलखीत करी, पण हार घालू देत नसे. सुपरवायझर बाजीरावनं एकदा बजावलं होतं, की उद्या बोट गेलं तर आमच्याकडं बघू नकोस. बोट काही गेलं नाही. बापानं छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव नदीत सोडले होते. त्यामुळं देव न मानणं ही सीतारामच्या घरची रीतच होती, आणि नास्तिक म्हटल्याचा त्याला राग येत नसे. उलट मान जरा ताठच होई.

रिटायर झाल्यावर तो आणि त्याची बायको हिरा दर पौर्णिमेला विहारात जात. सकाळी बुद्धवंदना म्हटल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नसे.

मुलगी तेजल सोमाटण्याला फ्लॅटमध्ये राहायची, पुण्यात नोकरीला जायची. तिचा एक मित्रमंडळींचा गट होता. नाना जातींची, नाना घरांतली पोरं, पण सगळ्यांनी देवधर्म सोडलेला. दर डिसेंबरात ही मंडळी शेकोटी करायची. ना नाताळ, ना संक्रांत. नुसती थंडी साजरी करायची. गाणी, गप्पा, जेवण. यंदा शेकोटी भाजे गावाजवळ, गटातल्या संदीपच्या शेतावर होती, आणि तेजलनं बापाला बोलायला बोलावलं. मी पाहिलेला पहिला नास्तिक, अशी ती सगळ्यांना ओळख करून देणार होती.

सीताराम खूश झाला. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा घातला. हिरा मात्र आली नाही. जिथं वंदना नाही तिथं मी येऊन काय करू, म्हणाली. तो हसला. बाईमाणसाला काय कळतंय, असं त्याच्या मनात आलं.

दिवस कलायला लागला तसे सगळे गोल करून बसले. तेजलनं दोन शब्द बोलून बापाला उभं केलं. सीताराम उठला, सवयीनं हात जुळले, डोळे मिटले आणि तोंडातून वंदना सुरू झाली. दुसऱ्याच ओळीला कुणीतरी खाकरलं. संदीप उठून जवळ आला. मुलगा सालस होता, आवाज त्यानं खालीच ठेवला.

"काका, प्रार्थना नको. आमचं तसं ठरलंय."

"ही प्रार्थना न्हाई. वंदना हाय."

"दोन्हीत फरक काय, काका?"

पोरगा टोमणा मारत नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. सीतारामनं कंपनीत शंभरदा दिलेलं उत्तर दिलं, की आम्ही मागत काही नाही, नुसता मान देतो. यावर अनघा नावाची एक मुलगी म्हणाली, माझी आजीपण विठोबाकडे काही मागत नाही, असंच सांगते. कुणी हसलं नाही. सीतारामनं तेजलकडे पाहिलं, तर ती मातीत काडीनं रेघोट्या ओढत होती. मग तो कंपनीतल्या दोनचार गोष्टी सांगून खाली बसला. टाळ्या झाल्या, पण कशाच्या झाल्या ते त्याला कळलं नाही.

तोवर चुलीपाशी वेगळंच निघालं. भाकरी करायला वरच्या ठाकरवाडीतल्या सावित्राबाईंना बोलावलं होतं. चूल पेटवून त्यांनी पाण्याचा शिपका दिला, विस्तवाला वाहायला पिठाची गोळी हातात घेतली, आणि कुणीतरी सांगितलं, मावशी, इथं पूजा करत नाहीत. सावित्राबाई रागावल्या नाहीत. त्यांनी परातीवर फडकं टाकलं, हात धुतले आणि बाजूला बसल्या. इस्तवाला दिल्याबिगर आपण भाकर टाकत नाही, एवढंच म्हणाल्या.

मंडळींत वाद लागला. एक म्हणे, करू द्या, तिची श्रद्धा आहे. दुसरा म्हणे, आज गोळी, उद्या नारळ, मग आपण इथं जमायचंच कशाला? तेजल बापापाशी आली. "पप्पा, तुम्ही बोला ना मावशींशी. तुमचं ऐकतील."

सीताराम गेला, चुलीजवळ टेकला. काय समजवायचं ते त्याला सुचेना. शेवटी सावित्राबाईंनीच विचारलं, "भाऊ, तुमी त्यांच्यातलं का?"

"आजवर व्हय म्हणायचो," तो म्हणाला. "आता त्यांनाच मी त्यांच्यातला वाटंना."

"मंग कुणातलं?"

"ते मलाबी कळंना, मावशी."

सावित्राबाईंनी फडकं काढलं, पिठाची गोळी विस्तवात टाकली आणि हात जोडले. सीताराम त्यांना अडवायला आला होता. त्यानं अडवलं नाही. आणि आपलेही हात जोडलेले आहेत, हे त्याच्या ध्यानात आलं ते त्या भाकरी थापायला लागल्यावर. देव नदीत सोडणारा बाप आठवून त्यानं ते झटकन खाली घेतले. मागं वळून बघतो तर ताटं घेऊन तेजल उभी.

गरम भाकऱ्या आल्या, पिठलं आलं, सगळे जेवले. गोळीचं कुणी विचारलं नाही. विचारलं ते तेजलनं, परतताना गाडीत.

"चुलीपुढे हात का जोडलेत, पप्पा?"

"तिनं जोडले म्हणून."

"कंपनीत तर सगळेच जोडायचे. तिथं कसे नाही जोडलेत?"

तिथं जोडायला लावायचे, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तेवढंच कारण होतं का, हे त्याला ठरवता येईना. तेजलनं ताणलं नाही. सोमाटणे फाटा मागं पडल्यावर ती म्हणाली, "मघाशी मी तुमच्या बाजूनं बोलायला हवं होतं. पण काय बोलायचं तेच मला माहीत नव्हतं. वंदना मला लहानपणापासून पाठ आहे. अर्थ कधी विचारलाच नाही. सांगा ना."

सीतारामनं घसा साफ केला. पहिल्या ओळीचा अर्थ नीट सांगितला. दुसरीचा सांगितला, पण अर्ध्यावर येऊन अडखळला. तिसरी त्यानं पाली शब्दांतच दोनदा म्हणून पाहिली.

"थांब," तो म्हणाला. "रविवारी विहारात जाऊन इचारतो."

"मी पण येऊ?"

"ये की," तो म्हणाला. मग गाडी परंदवडीच्या रस्त्याला लागेपर्यंत, विहारातल्या भन्तेजींना नेमकं काय विचारायचं, याचीच तो जुळवाजुळव करत राहिला, आणि ती काही जुळेना.