पाय चेपणारी

कांताबाई तापट आहे, असं भोकरदनमध्ये कुणालाही विचारलं तरी सांगतील. का तापट आहे, ते मात्र कुणी सांगणार नाही. सहा वर्षं गिळलेला राग एका दिवशी बाहेर पडला, तर लोकांना तेवढा दिवसच लक्षात राहतो.

तिच्या वडिलांचं बसस्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बाहुल्यांच्या वयात ती तारांना सोल्डरिंग करायला शिकली. लग्न झालं वसंताशी. वसंता अप्पारावांच्या भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवायचा. साधी लाकडी गिटार. ढोलकी आणि पेटी सुरू झाली की तिचा आवाज मांडवाच्या पहिल्या खांबापर्यंतही पोचायचा नाही.

अठ्ठ्याऐंशी साली वसंतानं औरंगाबादच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून गिटारचा आवाज बदलणारी दोन जुनी पेडलं आणली. एक इकोचं, दुसरं आवाज फाडून मोठा करणारं. दोन्ही विजेच्या गिटारची. ह्याच्या लाकडी गिटारला वायर खोचायला भोकच नव्हतं! डोक्याला हात लावून बसला. कांताबाईनं बंद पडलेल्या अलार्मच्या घड्याळातली पितळी चकती काढली, गिटारच्या पोटात आतून चिकटवली, तिला वायर जोडली. आवाज आला, पण गिटार माइकसारखी शिट्ट्या मारायला लागली. मग तिनं सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून गिटारचं तोंड बुजवलं. इको सुधारला. फाटक्या आवाजाचं पेडल दाबलं की शिट्टी यायचीच. तेवढ्यापुरता गिटारच्या लाकडावर तळहात दाबून धरला तरच ती गप्प बसायची. कुठल्या सुराला किती दाबायचं, हे शोधायला तिला चार महिने लागले.

आता पेडल पायानं दाबायचं, म्हणजे वाजवणारा उभा पाहिजे. आपल्याकडे पार्टी सतरंजीवर मांडी घालून बसते. मांडी घातली की पाय गेले अडकून. वसंता उभा राहू का म्हणाला, तर अप्पाराव कडाडले, "उभं राहून वाजवायला ही काय वरात हे का?"

म्हणून कांताबाई स्टेजवर आली. वसंताच्या गुडघ्याला लागून, लोकांकडे पाठ करून बसायची. एक हात पेडलांवर, दुसरा त्याच्या मांडीवरच्या गिटारवर. गाणं कधी दरीतून आल्यासारखं घुमवायचं, कधी एका कडव्यापुरतं फाडायचं आणि कधी दोन्ही बंद करून नुसती तार ऐकू द्यायची, हे सगळं ती ठरवायची. लोक वसंताला म्हणायचे, काय हात आहे!

आणि तिच्याकडे बघून काय म्हणायचे? डोक्यावर पदर, मान खाली, हात नवऱ्याच्या मांडीपाशी. लोकांनी ठरवून टाकलं की ही बाई स्टेजवरसुद्धा नवऱ्याचे पाय चेपते. गावोगावच्या म्हाताऱ्या तिच्यावरून कौतुकानं बोटं मोडायच्या. पार्टीचे निवेदक तातेराव शाळेत मास्तर, शिकलेला माणूस, पेडलं रोज डोळ्यांनी बघायचा. टाळ्या पडतात म्हटल्यावर त्यानंही माइकवर सुरू केलं, "नवऱ्याची सेवा शिकावी तर कांताबाईंकडून!" पाच मिनिटांपूर्वी त्याच माइकवर बाईच्या हक्कांचं गाणं झालेलं असायचं. कांताबाईच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

"सांगा की त्यान्ला, मी काय करते ते," ती वसंताला म्हणाली.

"बोलू दे ना. वाईट थोडंच बोलून राह्यलेत?"

त्याला ते आवडत होतं. ते तिला दिसत होतं, आणि सगळ्यात जास्त तेच डाचत होतं.

चौऱ्याण्णव साली जालन्यात पार्टीची कॅसेट निघाली. कव्हर छापून आलं. गायक अप्पाराव, गिटार वसंता, मग ढोलकी, पेटी, कोरस, टेम्पोच्या ड्रायव्हरचंसुद्धा नाव. सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, 'सेवा : सौ. कांताबाई'.

तिनं कव्हर घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं.

कॅसेटचं प्रकाशन तीर्थपुरीला, शाळेच्या मैदानात, दुपारी चारला होतं. गर्दी बक्कळ. तातेरावांनी सेवेचं वाक्य टाकलं, टाळ्या झाल्या, पहिलं गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला कांताबाई उठली, खाली उतरली आणि बायकांत जाऊन बसली.

फाटका आवाज चालूच राहिला होता. लाकडावरचा तळहात गेला तशी गिटारनं अशी शिट्टी मारली की पोरांनी कान झाकले. वसंतानं घाईनं पेडलावर हात मारला, तर तारांवरचा हात सुटला आणि गिटार गप्प. तार धरली की शिट्टी, पेडल धरलं की गप्प. लोक हसायला लागले. अप्पारावांनी गाणं थांबवलं.

"बाई, वर या जल्दी!"

"पाय चेपायला कुणीबी चालंल की," कांताबाई खालूनच म्हणाली. "तातेराव सरान्ला बसवा."

आता हसणं तातेरावांच्या दिशेनं वळलं. ते स्टेजच्या काठाशी येऊन कुजबुजले, "बरं, नाव घेतो तुमचं. वाद्य काय सांगू?"

"वाद्याचं मंग बघू. आधी मी काय करत न्हवते ते सांगा. माइकवरून."

मास्तर घामाघूम झाले. अप्पारावांनी डोळे वटारले तेव्हा कुठं माइकवर आले. "कांताबाई... पाय चेपत नव्हत्या."

पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "मंग इतके साल काय करीत व्हती गं?"

"वाजवीत होते, आज्जी," कांताबाई म्हणाली.

ती वर चढली. वसंताला वळून बसायला लावलं आणि स्वतः लोकांकडे तोंड करून बसली. अख्ख्या मैदानाला तिचे दोन्ही हात दिसत होते. गाणं पहिल्यापासून झालं. त्या दिवसासारखी गिटार त्या पार्टीत आधी कधी वाजली नव्हती, असं ढोलकीवाला अजून सांगतो.

परतताना टेम्पो घनसावंगीला आला. वसंता म्हणाला, "चारचौघांत माझी लाज काढलीस, कांता."

"सहा सालांपासून माझी काढून राह्यलेत लोक," ती म्हणाली, "आन तुमी टाळ्या मोजून राह्यल्ते."