गोळीकिड्यांची बरणी

माझी वहिनी आधी विम्याच्या कचेरीत टाइपिंग करायची. चाळिशीच्या तोंडावर ती नोकरी सोडून शिक्षिका होण्याचा अभ्यास करायला बसली, तेव्हा माझा भाऊ म्हणाला, "या वयात लोकांचे गुडघे बोलायला लागतात, हिचं डोकं बोलायला लागलं." पण रोज तिला चहा करून द्यायचा तोच.

ती ज्या शाळेत लागली तिथली प्रयोगशाळा मी सांभाळते. नणंद-भावजय एका छताखाली गुण्यागोविंदाने राहतात याचंच लोकांना नवल, आम्ही तर घर आणि शाळा अशा दोन छतांखाली राहतो. माझा स्वभाव नीटनेटका, म्हणजे भाऊ म्हणतो तसा कटकट्या. प्रत्येक बाटलीला चिठ्ठी लागते मला. वहिनीचं उलटं. भरलेली वस्तू दिसली की ती ओतायचीच.

सजीवांचं वर्गीकरण शिकवायची वेळ आली तशी तिने आधी घरातला अडगळीचा खण पलंगावर ओतला आणि आम्हाला म्हणाली, लावा. मी लाकडी, लोखंडी, प्लास्टिकचं असे ढीग केले. भावाने किल्ल्या, पेचकस आणि नखं कापायचं यंत्र एकत्र ठेवलं.

"हे तिघं एकत्र का?" तिने विचारलं.

"वेळेला सापडत नाहीत म्हणून."

मी कपाळावर हात मारला, पण तिने टाळीच वाजवली. "बघा वन्सं, हेही वर्गीकरणच. फक्त यातून वस्तू कळत नाही, तुमचा भाऊ कळतो. मुलांना हेच दाखवायचंय मला." ती लाडात आली किंवा मला डिवचायचं असलं की 'वन्सं' म्हणते. त्यानंतर आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. वांगं आणि टोमॅटो एका कुळातले हे ऐकत ऐकत जेवायचं म्हणजे घास उतरत नाही, पण खरं सांगते, मजा यायची.

शाळेत कायम शिक्षिकेची एक जागा निघाली होती आणि उमेदवार दोघी होत्या, वहिनी आणि शेजारच्या तुकडीच्या बाई. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, दोघींच्या तासाला बसून ठरवणार होत्या. ही जागा हुकली तर वहिनीला शाळा सोडावी लागणार होती. मोठ्या बाईंचा दरारा असा, की त्या व्हरांड्यात आल्या तर खडूसुद्धा हळू वाजतो. मी वहिनीला बजावलं, "त्या दिवशी फळ्यावर सृष्टी, संघ, वर्ग, गण असं ओळीने लिही आणि मोकळी हो. नसता उद्योग नको."

ऐकेल तर शपथ. तासाच्या सकाळी ती जिन्यातल्या कुंड्या उचलून मुंग्या, कोळी, गोगलगायी गोळा करत होती. एका बरणीत गोळीकिडे होते. हात लावला की वाटाण्याएवढी गोळी होऊन पडतात ते. तिने बरणीवर चिठ्ठी चिकटवली, 'वाणीचे नातलग'. वाणी म्हणजे ओल्या भिंतीवर सरपटणारा, डिवचला की वेटोळं घालणारा, असंख्य पायांचा किडा. चिठ्ठी पाहून मी खूश झाले. चला, काहीतरी शिकली माझ्याकडून.

तास सुरू झाला. मोठ्या बाई मागच्या बाकावर, मी दाराशी बरण्यांपाशी. वहिनीचा नियम सोपा होता. नाव घ्यायचं नाही, आधी बघायचं, आणि हो किंवा नाही एवढंच उत्तर येईल असा प्रश्न विचारून दोन गट करायचे. पाय आहेत का? सहाच आहेत का? भिंगं फिरायला लागली. पोरं बाकांवर पालथी पडली. कोळी कीटक नाही हे कळल्यावर एकाने आरडाओरडा करून शेजाऱ्याला पाय मोजायला लावले. मी मोठ्या बाईंकडे बघायचंच टाळलं.

तेवढ्यात खिडकीजवळची मुलगी उभी राहिली. ही वर्षभर हजेरीपलीकडे एक शब्द बोलली नव्हती.

"बाई, चिठ्ठी चुकलीये."

पोरांनी भिंगं खाली ठेवली.

"या गोळीला प्रत्येक कड्याखाली पायांच्या दोन-दोन जोड्या आहेत," ती म्हणाली, "पण हिला एकेकच. एका बाजूला सातच पाय. ही वाणीची कुणी लागत नाही."

वहिनीने भिंग घेतलं. इकडची गोळी उलगडायची वाट पाहिली, मग तिकडची. वर बघितलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता, की मला वाटलं हिला वेड लागलं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "गोळी होणारे किडे दोन वेगवेगळ्या घराण्यांतले असतात हे वाचलं होतं, पण ते एकाच कुंडीत शेजारी असतील असं मनातही आलं नाही. गोळी होतात म्हणून एका बरणीत कोंबले मी." आणि तिने ती चिठ्ठी टराटरा फाडली.

"मग ही कुणाची लागते?" मुलीने विचारलं.

"कवच बघ. पोटाखाली श्वास घ्यायची सोय बघ, ओल आटली तर गुदमरते बिचारी. ओलीशिवाय चालत नाही असं आणखी कोण आहे?"

"खेकडा," तीन-चार जण एकदम म्हणाले.

"खेकड्याच्याच घराण्यातली."

कुंडीत खेकड्याची बहीण राहते हे ऐकल्यावर वर्गात जो कल्ला झाला तो मी सांगत नाही. मोठ्या बाई उठल्या. संपलं, मी मनात म्हटलं. त्यांनी एका मुलाच्या हातून भिंग घेतलं आणि वाकल्या. घंटा झाली. पोरं चुळबुळली तशा त्या मान वर न करता म्हणाल्या, "थांबा जरा. माझे मोजून व्हायचेत."

मधल्या सुट्टीत त्यांनी वहिनीला बोलावलं. बरण्या उचलायच्या निमित्ताने मीही गेले.

"शेजारच्या तुकडीत काल एकही चूक झाली नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमची तर भर वर्गात निघाली. त्यात एवढं हरखण्यासारखं काय होतं?"

वहिनीने पदर सावरला. "कचेरीत साहेबांची चूक दिसली तरी मी मान खाली घालून तशीच टाइप करायचे, बाई. ही पोर तशी बसली नाही."

मोठ्या बाईंनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "माझं काही चुकताना दिसलंय कधी?"

मी मागून वहिनीचा पदर ओढला. नाही म्हण, बाई माझे, एवढं एक नाही म्हण.

"दिसलंय," वहिनी म्हणाली. "तुम्ही वर्गात आलात की मुलं प्रश्न विचारायची थांबतात. आज पहिल्यांदाच थांबली नाहीत."

मोठ्या बाईंनी समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा. बाकीचंही सांगा. कायमच्या शिक्षिकेला कसली आलीय घाई?"

मी बरण्या घेऊन बाहेर आले आणि जिन्यातच बसून रडले.