सशाने खाल्लेल्या दुर्वा

आज चतुर्थी. सावेडीतल्या घरी सून दुर्वा निवडत बसली आहे, आणि त्या ओल्या, हिरव्या वासाने मी पुणतांब्याच्या आमच्या देवघरापाशी जाऊन पोचलो.

चव्वेचाळीस-पंचेचाळीस सालातली अशीच एक चतुर्थी असावी. गेल्याच महिन्यात वारलेली माझी ताई तेव्हा दहा वर्षांची होती. आम्ही पाळलेल्या सशाच्या अंगी लागावे म्हणून तिने त्याला लाडाने गूळपोळी भरवली होती, आणि आदल्या दिवसापासून तो पोट फुगवून कोपऱ्यात बसला होता. कशालाच तोंड लावत नव्हता.

"अगं, ससा आहे तो, जावई नाही! त्याला गवत हवं," आई म्हणाली.

रडत रडत ताईने पूजेच्या तबकातली दुर्वांची जुडीच उचलली. सोवळ्यातली आई आता ओरडणार, असे मला वाटले. सशाने एक पाते हुंगले, हळूच कुरतडले, मग दुसरे ओढले.

"दुर्वा कुठे आहेत?" पाटावरून बाबांनी विचारले.

"खाल्ल्या," आई म्हणाली. "थांबा जरा, दुसऱ्या आणते."

तेव्हा मला ससा वाचल्याचाच आनंद झाला होता. आज डोळ्यांसमोर येते ती, डोळे पुसायचे विसरून खुदकन हसलेली ताई.