कुसुमचं म्हातारपण

आक्का आमच्या अनगोळच्या घरी आली की पाय धुऊन, कुणाशीही बोलायच्या आधी थेट आतल्या खोलीतल्या कपाटाच्या आरशासमोर उभी राहायची. पदर सावरायला नव्हे. ती आरशाला बातम्या द्यायची. "गुडघं कुरकुराय लागलं बघ." "पोट आनखी सुटलं. बघितलंस?" "चाळशी लागली गं बाई, सुईत दोरा जाईना." सांगून झालं की समाधानानं मान हलवायची आणि बाहेर येऊन चहा मागायची. आम्ही भावंडं दाराआडून खुसखुसायचो. आई डोळे वटारून आम्हाला गप्प करायची.

खरं तर ती माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, निपाणीला दिलेली. पण सगळं घर तिला आक्काच म्हणायचं. रंगानं सावळी, अंगानं दांडगी, दंड असे की नव्या ब्लाउजची शिवण पहिल्याच लग्नात उसवावी. कार्यात कुणीतरी बाई हटकून म्हणायचीच, "आक्का, लई जाड झालासा की!" आक्का दुसरी पोळी मोडत म्हणायची, "व्हय तर. दोघींचं एकटीनं वागवतोय न्हवं!" सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. ती तिची नेहमीची थट्टा आहे असंच मला वाटायचं.

दुसरी आमच्या दिवाणखान्यात भिंतीवर होती. कुसुम, आक्काची जुळी बहीण, एकोणिसाव्या वर्षी गेलेली. फोटो आम्हा जैनांच्या पर्युषणातल्या उपवासाच्या पारण्याचा. गळ्यात हार, हातात श्रीफळ, गालफडं बसलेली, डोळे मोठे. येणारं-जाणारं प्रत्येक जण त्या फोटोला हात जोडायचं आणि "केवढी तपश्चर्या!" म्हणायचं. आक्का मात्र त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. मला तिचा राग यायचा, कारण मला तो फोटो फार आवडायचा. भक्तिभावानं नव्हे. हारामागून दिसणाऱ्या गळ्याच्या हाडांसाठी.

तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. उठता-बसता मोबाइलवर रील्स. नितळ गोरी कातडी, एवढ्याशा कमरा, दंड बारीक करायचे उपाय. एकदा तसलं काही बघितलं की तो मेला मोबाइल दुसरं काही दाखवतच नाही. मी लांब बाह्या घालायला लागले, फोटोत मागच्या रांगेत लपायला लागले, डबा मैत्रिणींना वाटून टाकायला लागले. आई रोज ओरडायची. मग पर्युषण आलं आणि माझं सगळं सोपं झालं. सगळे दिवस नुसत्या पाण्यावर करणार, असं मी जाहीर केलं. तीच आई माझ्या पायाशी बसून तळवे चोळू लागली. "कुसुमनंतर घरात हिनंच," असं बाबा भरल्या डोळ्यांनी सांगत सुटले. बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, बायका मला बघायला यायच्या. आयुष्यात पहिल्यांदा मी लोकांना बघण्यासारखी वाटत होते. मला ते फार गोड लागलं.

पारण्याच्या सकाळी आक्का निपाणीहून आली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. माझ्या गळ्यात हार घातलेला, समोर वाटीत मुगाचं पाणी. वाटीला हात लावायचा नाही, उपवास आणखी पुढं न्यायचा, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. आक्का त्या दिवशी आरशाकडे गेली नाही. ती दारातच थांबून माझ्या हाताकडे बघत होती. माझा उजवा हात डाव्या दंडाला वेढा घालून बोटं कुठवर पोचतात ते बघत होता. ती खोड मला कळतही नव्हती.

"कशापायी करतीयास गं हे?" समोर बसत तिनं विचारलं.

"धर्मासाठी."

"धर्माला दंड बारीक लागत्यात व्हय?"

"आक्का, आज नको," बाबा म्हणाले.

"आजच." तिनं पहिल्यांदा त्या फोटोकडे बोट केलं. "हीबी असंच मापायची. चिकोडीचं स्थळ आलतं. पोरगी अंगानं भारी हाय म्हणालं. टीव्हीवर मुकुट घातलेल्या पोरी दावायचे तवा, त्यांच्याकडं बघत बसायची. मग उपास धरला. समद्यांनी हार घातलं. पारणं झालं तरी तिनं फुडं एकाआड एक उपास चालूच ठेवलं. आई तिच्या पाया पडायची. जिच्या पाया पडतो तिला 'जेव' कोन म्हननार?" तिचा आवाज जराही चढला नव्हता. "मला ठावं हुतं. एका अंथरुणात झोपायचो आमी. तिचं पुण्य मोडंल म्हणून भ्यालो, बोललो न्हाय. थंडीत गेली."

बाबा तेव्हा लहान होते. त्यांना घरानं तपश्चर्याच सांगितली होती.

आक्कानं मला उठवलं, हारासकट आतल्या खोलीत नेलं आणि आरशासमोर स्वतःशेजारी उभं केलं. "ही बघ कुसुम," ती आपल्याच पोटावर हात ठेवून म्हणाली. "भिंतीवरची एकोणीस वरसाचीच ऱ्हायली. तिचं म्हातारपण मी करतोय. केस पिकलं, पोट सुटलं, समदं तिला दावतोय. तुझं तोंड आमच्यावर गेलंया. तुझं म्हातारपण कोन करनार?"

आरशात मला तिचा चेहरा दिसला, माझा दिसला, आणि दोन्हींत भिंतीवरचा दिसला. मी बाहेर आले आणि वाटी उचलली.

एका वाटीनं कुणी बरं होत नाही. डॉक्टरीणबाई झाल्या, गोळ्या झाल्या, रडारड झाली. आक्का दिवाळीपर्यंत आमच्याकडेच राहिली. ती मला कधी "खा" म्हणाली नाही. समोर बसून स्वतः चवीनं जेवायची आणि निपाणीच्या गप्पा सांगायची. मी अंगाला नावं ठेवली की म्हणायची, "ही काय साडी हाय व्हय, आवडली न्हाय म्हणून दुकानात परत द्याला?" मला हसू यायचं आणि हसता हसता घास जायचा.

गेल्या वर्षी आक्का झोपेतच गेली. बाबांनी तिचा फोटो कुसुमच्या शेजारी लावला, एक एकोणिसाची, एक पन्नाशीची. नवखे पाहुणे विचारतात, "मायलेकी का?" बाबा म्हणतात, "जुळ्या."

माझे दंड आता भरलेत. बाह्याही आखूड झाल्यात. तरी एखाद्या दिवशी हात आपोआप दंडाला वेढा घालतो, आणि मग मला त्या हारांची, ते घालणाऱ्या आमच्याच घराची भीती वाटते. आज सकाळी कानाजवळ एक पांढरा केस दिसला. उपटायला हात गेला होता. तो तसाच मागे घेतला आणि आरशाला म्हटलं, "बघा गं दोघी, माझंही सुरू झालं."