सर्व्हर उठवण्याचा कौल

संचिता कुबल पुण्याची नोकरी सोडून मालवणात परत आली, तेव्हा तिच्या आईने शेजारीपाजारी सांगितलं, की चेडू आता मच्छीमार सोसायटीत मशीन सांभाळतं. वर्णन अगदी बरोबर होतं. सोसायटीच्या बर्फखान्यामागे एक सर्व्हर होता. डिझेल-बर्फाची टोकनं, मासळीचा लिलाव, सगळं त्याच्यावर चालायचं. तो बसवताना चेअरमन आबा मालंडकरांनी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घातलं होतं आणि त्याच्या डोक्यावर लाल फडक्यात बांधून नारळ ठेवला होता. तेव्हापासून तो एकदाही बंद झाला नव्हता. आबा पाहुण्यांना किल्ला दाखवायच्या आधी हा न झोपणारा सर्व्हर दाखवत.

नारळी पौर्णिमा तोंडावर आली आणि संचिताने बातमी वाचली, की त्या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एक चोरवाट सापडली आहे. ज्याचं मशीनवर साधं खातं आहे, असा कोणीही त्या वाटेने थेट मशीनचा मालक होऊ शकत होता. आणि साधं खातं तर अख्ख्या किनाऱ्याचं होतं. टोकनासाठी एकच समाईक खातं, त्याचा पासवर्ड बर्फखान्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेला. सगळे आपलेच, हे सोसायटीचं सुरक्षाधोरण.

दुरुस्ती आली होती, पण ती लागायची तर सर्व्हर एकदा बंद करून उठवायला हवा होता.

"बंद करूक मी दिवचंय नाय," आबा म्हणाले. "उठलो नाय तर? पौर्णिमेक बोटी काय मी हातान लोटू?"

प्रश्न रास्त होता. एवढी वर्षं न निजलेला म्हातारा निजला तर उठेल का, हे संचितालाही ठाऊक नव्हतं.

एवढ्यात मासळी विकणारी आनंदी बर्फाचं टोकन काढायला आली.

"काकी, हय बस. मी सांगतंय तां दाब," संचिता म्हणाली.

आनंदीने एका बोटाने, बांगड्या वाजवत, चार ओळी दाबल्या. पडद्यावरचं नाव बदललं.

"आता ह्या मशिनीत तू आबांच्या वर."

"असां? मगे आधी माका बरफ दी, आणि ह्या आबाचा नाव काढून टाक!"

आबांचा चेहरा उतरला. पण गाऱ्हाणं घालून बसवलेली वस्तू कौल लावल्याशिवाय हलवायची नाही, हे चेअरमनच्याही वरचं होतं. सगळे देवळात गेले. बाबू गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"देवा, मशीन बंद करूचा काय?" आबांनी विचारलं.

डावी पडली. आबांनी सुटकेचा निश्वास टाकला.

"बाबूकाका, प्रश्नच चुकलो," संचिता म्हणाली. "पालखीचो भोई सरळ गाभाऱ्यात शिरान देवाच्या आसनार बसलो तर?"

बाबू गुरवाने आजवर मंत्र्यालाही गाभाऱ्याचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. "कोणाची टाप आसा?"

"तशीच वाट त्या मशिनीत रवली आसा. ती बुजवूची काय, तां इचार."

गुरव आता मशीनसाठी नव्हे, स्वतःसाठीच भांडायला उभा राहिला. "बा देवा महाराजा! जी काय चोरवाट रवली आसात ती बुजव, आणि लेकराक यश दी रे महाराजा!"

"होय महाराजा!" आनंदीचा आवाज सर्वांत मोठा.

उजवी पडली. गुरवाने पाकळी जरा रागाने लावली होती, असं आबा नंतर म्हणाले. पण देवाचा निकाल तांत्रिक मुद्द्यावर फिरवता येत नाही.

बर्फखान्यामागे परतून संचिताने दुरुस्ती चढवली आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला, पंखा थांबला, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच समुद्राचा आवाज ऐकू आला.

"आबा, श्वास घे रे," आनंदी म्हणाली. "मशिनीक बंद केल्यानी, तुका न्हय."

पंखा घरघरला. पडद्यावर अक्षरं धावू लागली. संचिताने हात जोडले, नक्की कोणाला ते तिलाही सांगता आलं नसतं.

आनंदीने लगेच खुर्ची ओढली आणि पाठ झालेल्या चारही ओळी दाबल्या. मशीनने परवानगी नाकारली. पुन्हा दाबल्या. पुन्हा नाकारली. चेअरमन म्हणून आबांनी आजवर बऱ्याच लोकांना नाही म्हटलं होतं, पण दुसऱ्याचं 'नाही' ऐकून इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

"माझा राज्य इला आणि गेला," आनंदी म्हणाली. "बरफ तरी दी गो बाय!"

टोकन खर्रकन बाहेर आलं. संचिताने ओल्या फडक्याने भिंतीवरचा पासवर्ड पुसला.

पौर्णिमेला सगळ्या बोटी डिझेल भरून पाण्यात उतरल्या. सर्व्हरच्या डोक्यावरचा नारळ आतून सुकून खुळखुळत होता. तो समुद्राला गेला, त्याच्या जागी नवा आला. आबा अजूनही पाहुण्यांना आधी सर्व्हरच दाखवतात. फक्त आता छाती फुगवून सांगतात, की आमचो सर्व्हर दर अमावास्येक झोपता, आणि देवाक इचारून झोपता.