सातव्या अंकाचं मागचं पान

सातवा अंक निघाला तेव्हा मला कोण गर्व झाला होता! अंक म्हणजे काय, तर ए-फोर कागद दुमडून दोन पिना मारलेलं सोळा पानी चोपडं. दुबईत आपली कामकरी माणसं स्वतः गाणी रचतात, गातात. त्यांच्यावर कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहायचो. सिलिकॉन ओएसिसमधलं ऑफिस सुटलं की जुन्या दुबईत, देरा भागातलं झेरॉक्सचं दुकान गाठायचो. तिथे काहीही छापून वाटायला सरकारी परवाना लागतो, तो नव्हता. चाळीस प्रतींना कसला डोंबलाचा परवाना, असं मीच म्हणायचो.

त्या अंकात रत्नागिरीकडचा एक गायक होता, साइटवर परांची बांधणारा. रविवारी आठ जणांच्या खोलीत पाण्याच्या रिकाम्या कॅनवर ठेका धरून गायचा. एक गाणं त्याच्या मुकादमावर होतं. काय जहाल! मी अख्खं छापलं. आणि मागच्या पानावर, आमच्या रिवाजाप्रमाणे, आभार: त्याचं नाव, आडनाव, इमारत, खोली नंबर. कलाकाराला मान नको का?

दहा दिवसांनी झेरॉक्सवाला म्हणाला, "एक आदमी आया था. दो कॉपी ले गया. पीछे का पेज ही देख रहा था."

मागच्या पानावर तर त्या गायकाचा पत्ता होता. त्याचा व्हिसा कंपनीच्या हातात, गावी दोन मुली शिकत होत्या. मी लगेच फोन केला तर हा हसतोय! "साहेब, फॅन असेल हो माझा."

रविवारी गेलो तर खोलीत गाणं नाही. सगळे भिंतीकडे तोंड करून पडलेले. त्यानेही डोळ्यांनीच खुणावलं, जा म्हणून.

बुधवारी संध्याकाळी मी घरी पोचलो, तोच त्याचा फोन आला. "कंपनीच्या ऑफिसात बोलावलं होतं. तुमचं पुस्तक टेबलावर. काढणारा कोण, तीनदा विचारलं."

"मग?"

"म्हटलं, पहिल्या पानावर नाव आहे की."

ते नाव खोटं होतं. सातही अंक मी टोपणनावानेच काढले होते, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"खलास, साहेब. व्हिसा कॅन्सल. उद्या विमान. तुम्ही इकडे फिरकू नका, उगाच अडकाल."

छापलं मी, एवढं जाऊन सांगितलं असतं तर कदाचित तो राहिला असता. गाडीची किल्ली घेऊन पार्किंगपर्यंत गेलोही. मग वर आलो, दार लावलं आणि उरलेल्या प्रती फाडत बसलो.